लुगड्याच्या संगं

आमच्या गल्लीतल्या कुठल्याही लग्नात नवरी रडत रडत गाडीपाशी येते, तेव्हा यमुनाक्का आधीच गाडीत जाऊन बसलेली असते. खिडकीची जागा धरून, मांडीवर रिकामं गाठोडं घेऊन. नवऱ्याकडचा कुणीतरी विचारतो, "आजी, तुमी कोन? नवरीच्या आजी का?"

"न्हाई."

"मंग आत्या?"

"मी नवरीची कुनी न्हाई. मी लुगड्याच्या संगं आले."

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागते. मग तो माणूस नवरीच्या बापाला गाठतो. बाप मान खाली घालून सांगतो, "असू द्या पाव्हणं. लुगडं तिचं हाय. ती आली न्हाई तर लुगडं बी येत न्हाई."

लुगडं म्हणजे पैठणी. हातमागावरची, नऊवार, जांभळी. उमापूरच्या आमच्या गल्लीत ऊसतोडीला जाणारी घरं जास्त, काही शेळ्या-मेंढ्या राखणारी, बाकीची आमच्यासारखी कोरडवाहू शेतीवाली. अशा गल्लीत खरी पैठणी एकच, आणि ती यमुनाक्काची. गल्लीतली पोरगी अक्षतांना उभी राहते ती या एकाच पैठणीत. यमुनाक्का त्याचं काही घेत नाही. फक्त अटी घालते.

नवरीनं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं नाही, रेशीम ओरखडतं. जेवायचं असेल तर आधी सोडून ठेवायचं. हळदीचा हात लावायचा नाही. अत्तर अंगाला लावा, जरीला नको. एकदा निघायच्या वेळी एक पोरगी आईच्या गळ्यात पडून धाय मोकलून रडत होती, सगळा मंडप डोळे पुसत होता, तेव्हा ही मागून म्हणाली, "रड माय, खुशाल रड. पन पुढं वाकून रड. पदरावर पानी नगं." त्या पोरीला रडता रडता हसू आलं. आईनं मात्र वर्षभर यमुनाक्काशी बोलणं टाकलं होतं.

पदरावर तिचा जीव. पदरात बांगडीतले मोर आहेत. म्हणजे गोल बांगडी आणि तिच्या आत एक मोर, अशी रांग. काठाला वेल आणि वेलीवर लाल चोचीच्या हिरव्या मुनिया, म्हणजे बारके पोपट. गल्लीतली पोरं तिला मागून मोरमाय म्हणतात. कुणी मोरांचं कौतुक केलं की ती सांगणार, "मोर नाचतोय खरा, पन बांगडीच्या आत. सासरी गेलेली पोरगी हाय ती." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी तिथून उठून जाते.

अवसेच्या दिवशी ती मला हाक मारते. आमची भिंत एक आहे, त्यामुळे दारात यायची गरज पडत नाही. "हात धुवून ये गं." रेशीम एकाच घडीवर पडून राहिलं की त्या रेघेवर चिरतं, म्हणून घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी लागते. नऊवार एकटीला आवरत नाही. एक टोक ती धरते, एक मी. माझे हात ती दर वेळी नवीन बघितल्यासारखे उलटून बघते. "शेन्या थापत व्हतीस का?" म्हणते. मी म्हणते, "तुझं लुगडं तू धर, मी चालले." मग गप्प बसते. मी काही जात नाही. आमची मैत्री म्हणाल तर एवढीच.

आता सासरच्या घरी ती काय करते ते सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे.

लिंबागणेशकडे आमच्या गल्लीतली एक पोरगी दिली होती. मीही त्या वऱ्हाडात होते. वरात दारात पोचली, नवरीनं माप ओलांडलं, आणि पोरगी देवापुढे टेकतेय तोवर यमुनाक्का घरभर फिरायला लागली. तिच्यामागे नवरीची सासू.

"नवरीची खोली कोनती?"

"ही. कावून?"

"रेशमाला ओल चालत न्हाई. भिंत ओली दिसतीया. पलंग हाय का?"

"सतरंजी हाय की."

"जिमिनीवर लुगडं ठिवायचं न्हाई. पलंग आना, न्हाई तर बाज आना. आन् ह्या दाराखाली एवढी फट कशापायी?"

"आवो, लुगडं का दारातून पळून जाणार हाय?"

"आत काय येतंय ते बघावं लागतं. संडास कुठं हाय?"

सासूनं परसाच्या पलीकडे बोट केलं. यमुनाक्का तिथंवर चालत गेली, परत आली. "वाटंवर दिवा न्हाई. अंधारात काट्याला काठ लागला तर काय करू?"

सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही बाई लुगडं द्यायला आली का घर इकत घ्यायला?" पण बाज आली. दिवा लागला. दाराला खालून फळी ठोकली गेली. नव्या सोयरिकीत म्हातारीच्या तोंडी कोण लागणार?

आणि सगळ्यात बेजार करणारी गोष्ट म्हणजे तिचा उंदीर. सासरी पहिल्या रात्री सगळे दमून झोपले की ही मधेच ओरडायची, "उंदीर! आगं माय, उंदीर! लुगड्यात उंदीर!" युसूफ वडगावला तर नवरीचा सासरा काठी घेऊन उठला, अंधारात पाण्याच्या घागरीवर पडला, घागर फुटली, शेजारचे चोर समजून धावत आले. उंदीर काही सापडला नाही. कुठल्याच घरात कधी सापडला नाही. मी एकदा तिला विचारलं, "तुझ्या लुगड्याला पाहुण्यांच्याच घरचे उंदीर कसे लागतात? तुझ्या घरी तर ढिगानं आहेत." ती म्हणाली, "माझ्या घरचे वळखीचे हायेत."

एका घरात मात्र ती ओरडली आणि कुणीच उठलं नाही. परत आल्यावर तिनं नवरीच्या बापाला भर गल्लीत धरलं. "दर बाजाराच्या दिवशी पोरीला बघून यायचं. चुकवायचं न्हाई." बापाला वाटलं, लुगडं कुरतडलं म्हणून म्हातारी चिडलीय. त्यानं हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडू नगं. बाजाराला जा." तो घाबरून जात राहिला.

गल्लीला एवढंच ठाऊक होतं की यमुनाक्काचा लुगड्यावर फार जीव आहे. नवीन माणसं तिला कंजूस म्हणत. जुन्यांना त्या लुगड्याची गोष्ट माहीत आहे, पण ती कुणी बोलत नाही. मी बोलते, कारण भिंतीच्या अलीकडे मी होते.

यमुनाक्का नदीपलीकडची, पैठणची. बापाच्या मागावर लहानपणापासून बसलेली. लग्न होऊन इकडे आली ती माग घेऊन आली, आणि नवरा लवकर गेल्यावर त्याच मागावर तिचं घर चाललं. पलीकडचा व्यापारी रेशीम आणि जर द्यायचा, ही विणून द्यायची. घरात खड्डा खणून माग बसवलेला होता. खड्ड्यात पाय सोडून ती बसायची आणि दिवसभर भिंतीतून खट्ट खट्ट यायचं. मला आधी डोकं उठायचं. मग त्याची इतकी सवय झाली की आवाज थांबला की मी बघायला जायची.

तिनंच मला सांगितलं होतं की अंग विणताना माग बोलतो, पदराला बसलं की गप्प होतो. अंगाला एकच धोटा इकडून तिकडे पळवायचा असतो. पदराला मोराच्या मानेची वेगळी तिल्ली, पिसाची वेगळी, बांगडीची वेगळी. तिल्ली म्हणजे दोऱ्याची बारीक कांडी. प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो. दिवसभर बसावं तेव्हा बोटभर पदर होतो. मागचं पुढचं सारखंच दिसतं, कुठून बघितलं तरी मोर तो मोरच.

तिची एकच लेक, गया. गयाच्या लग्नासाठी तिनं स्वतःची पैठणी विणायला घेतली. उभा ताणा विकत घेतला. आडवं रेशीम मात्र व्यापाऱ्याच्या कामातून उरलेलं, वर्षानुवर्षं डब्यात साठवलेलं, त्यालाच विचारून ठेवून घेतलेलं. म्हणून त्या लुगड्याचा जांभळा एकसारखा नाही. उन्हात धरलं की मधे एक पट्टा गडद दिसतो, पुढे एक फिका. आजकालच्या पोरींना ती फॅशन वाटते.

अंग विणून झालं आणि पदर राहिला, तेवढ्यात गयाच्या सासरच्यांनी घाई केली. त्यांची टोळी ऊसतोडीला निघायची होती. कोयत्याला जोडी लागते, एक नवरा आणि एक बायको. ट्रक यायच्या आत लग्न पाहिजे म्हणाले. यमुनाक्का म्हणाली, लग्न उरकून घ्या, पदर झाला की लुगडं मी घेऊन येते. गया माझ्या शालूत उभी राहिली. तो शालूही काही फार चांगला नव्हता.

आमच्यात नवरीबरोबर पहिल्यांदा पाठराखीण जाते. आजी, मावशी, कुणीतरी आपलं माणूस. चार दिवस राहते, पोरीला घर ओळखीचं झालं की परत येते. गयाची चुलत आजी जाणार होती. पण मांडवातून सरळ ट्रकमध्येच बसायचं होतं, उसाच्या फडावर पाठराखणीला कुठं नेणार, असं पाहुणे म्हणाले. यमुनाक्का म्हणाली, मीच येते मागून. लुगडं पण येईल, मी पण येईन.

मग माग गप्प झाला. पदर चालू होता.

फडावर कोपीत राहतात. उसाच्या पाचटाची कोपी, तिला दार नसतं, झोपायला जमीन. गयाला रात्री पायाला काहीतरी लागलं. नवी नवरी. शेजारी सासू-सासरे दिवसभर ऊस तोडून मेल्यासारखे झोपलेले. नवऱ्याशी अजून धड बोलणं झालेलं नव्हतं. कुणाला उठवायचं? काटा लागला असेल, सकाळी सांगू, म्हणून ती गप्प पडून राहिली. हे तिनंच सकाळी सासूला सांगितलं, बोलता येत होतं तोवर. दवाखाना लांब होता. साप होता ते तिथं गेल्यावर कळलं.

निरोप आला तेव्हा माग गप्पच होता, त्यामुळे तिनं हात कधी थांबवला ते मला भिंतीतून कळलं नाही.

दिवसकार्य झालं आणि ती परत मागावर बसली. बायका म्हणाल्या, आता कुणासाठी? ती म्हणाली, "ताना बांधलेला हाय. तसाच सोडता येत न्हाई." तिनं पदर पुरा केला. मोरात कुठं चूक नाही, मी बघितलंय. लुगडं उतरवलं आणि माग मोडून लाकूड माळ्यावर टाकलं. मग माझ्या कमळचं लग्न आलं, तेव्हा ती घडी घेऊन दारात उभी राहिली. "ह्याची घडी मोडायची राहिलीया. तुझ्या पोरीला दे." मेलेल्या पोरीचं लुगडं म्हणून लोक नावं ठेवणार हे मला दिसत होतं. पण आमच्याकडे दुसरं बरं काही नव्हतं, म्हणून मी घेतलं. निघताना बघते तर ही बैलगाडीत आधीच बसलेली. पहिल्यांदा तेव्हा ती म्हणाली, मी लुगड्याच्या संगं आले. तेव्हापासून हे असंच चालू आहे.

यंदा माझ्या नातीचं, शितलचं लग्न ठरलं. बीडचं स्थळ. कॉलनीत दोन मजली घर, मुलगा नोकरीला. साखरपुड्याला त्यांनी साडी आणली आणि सांगितलं, लग्नात शितल हीच नेसेल, फोटोवाल्याला रंग सांगून ठेवलाय. मशीनची पैठणी होती. पदरावर मोरांचा थवाच्या थवा. शितलला आवडली. मलाही वाईट वाटली नाही, हलकी होती.

यमुनाक्का बघायला आली. हात धुवून आली. पदर उलटा केला, मागचे सुटे दोरे बघितले, घडी घातली आणि म्हणाली, "चांगलं हाय." मला जरा धास्तीच वाटली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ओट्यावर आली.

"मंग मी कशी जाऊ?"

"कुठं?"

"शितलच्या संगं."

मी म्हणाले, "जायचं कशाला आता? तिच्याकडे फोन आहे. बटण दाबलं की बाप हजर होईल."

"फोन उशाला ठिवून काय करती? नव्या घरात आर्ध्या रातीला कुनाला उठवायचं म्हंजी धीर व्हावा लागतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या गयीला तोंड न्हवतं का?"

मी उंदरांचा विचार करत होते. एवढ्या वर्षांत एकाही घरात न सापडलेला उंदीर. ती ओरडायची आणि अंधारात पडून ऐकायची, कोण उठतंय. मी भिंतीला भिंत लावून राहिले आणि मला वाटायचं म्हातारी लुगड्यासाठी येडी झालीय.

लग्न झालं. शितल नव्या साडीत, डीजे, सगळं रीतसर. निघायच्या वेळी यमुनाक्का गाडीत नव्हती. मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती, काखेत गाठोडं. त्या दिवशी ते रिकामं नव्हतं. लुगडं त्यातच होतं.

मी तिचा दंड धरला आणि गाडीपाशी नेली. शितलचा सासरा दाराशी उभा होता.

"ह्या आजी कोन?"

मी म्हणाले, "आमच्या गल्लीची रीत आहे. नवरीनं नेसलं नसलं तरी लुगडं तिच्यासोबत जातं. आणि लुगड्यासोबत ही जाते."

"आसली रीत आमी ऐकली न्हाई."

"तुम्ही उमापूरची पोरगी पहिल्यांदाच नेताय."

"आवो आजी, गाडीत जागा न्हाई."

"लुगडं मांडीवर बसेल. म्हातारीला डिकीत घाला."

शितल आतून म्हणाली, "ये गं आक्का, मी सरकते." सासरा हसला आणि बाजूला झाला. यमुनाक्कानं खिडकीची जागा मागितली. नवऱ्या मुलाला उठून मधे बसावं लागलं.

चौथ्या दिवशी ती एसटीनं परत आली. दुपार होती. घरी न जाता सरळ माझ्या ओट्यावर आली, गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "हात धुवून ये." अवस नव्हती. पण मी गेले आणि हात धुवून आले. तिनं माझे हात उलटूनही बघितले नाहीत. आम्ही टोकं धरून बसलो.

"घर कसं आहे?" मी विचारलं.

"घर चांगलं हाय. पलंग हाय. फरशी कोरडी. दाराला आतून कडी हाय."

"मग?"

"मग काय. वरडले."

"कोण उठलं?"

"सासरा घोरतच व्हता. पोरगा बी न्हाई उठला, त्याचं काय एवढं." तिनं घडीची जुनी रेघ बोटानं दाबून बघितली. "सासू आली. चष्मा बी लावला न्हाई, भिताडाला धरत धरत आली. माझ्याकडं न्हाई आली बग. आदी पोरीचं दार वाजवलं. शितल, तू बरी हायेस ना, म्हनली. पोरीनं आतून व्हय म्हनल्यावर मंग माझ्याकडं आली. मला लई बोलली."

"काय बोलली?"

"म्हनली, आजी, लेकरू घाबरंल असं वरडू नगा."

मी म्हणाले, "बरं झालं बोलली ते." मी घडीचा पहिला पट पुढे घेतला आणि तिच्या बाजूनं ओढ आली नाही. बघते तर ती बसल्या जागी भिंतीला डोकं लावून झोपली होती. तोंड उघडं. चार दिवस झोपली नसावी. भरदुपारी ओट्यावर झोपलेली यमुनाक्का मी कधी बघितली नव्हती.

टोक तिच्या मुठीतच होतं. ते मी सोडवलं नाही. नऊवार एकटीनं, पुढे-मागे सरकत, गुडघ्यावर घेत घेत तिच्या हातापर्यंत आणलं. एका जागी काठ भिंतीला घासला.

उठल्यावर तिनं आधी तोच बघितला, आणि मला बोलली.